मनगटाची अंगठ्याकडची बाजू दोन महिने दुखतेय. चेंडू दाबायचा व्यायाम चालू ठेवू का?

चेंडू आजच बंद करा. बाळाला उचलताना, झाकण फिरवताना अंगठ्याच्या मुळाच्या जरा वर कळ येते आणि चेंडू दाबायला लागल्यापासून ती वाढली आहे, असं तुम्ही लिहिलंय. हे वर्णन डी क्वेर्वेनच्या दुखण्याशी जुळतं. (डी क्वेर्वेन हे स्विस सर्जन. त्यांनी 1895 मध्ये हे दुखणं मांडलं.)

अंगठा बाहेर आणि वर नेणारे दोन टेंडन, म्हणजे स्नायूच्या टोकाच्या चिवट दोऱ्या, मनगटाच्या कडेच्या हाडावरून एका अरुंद बोगद्यातून जातात. बोगद्याचं छत जाड झालं की दोऱ्या आत घासतात. चेंडू दाबताना अंगठा आवळला जातो आणि मनगट सावरायला याच दोऱ्या ताणून धराव्या लागतात. हात कमजोर आहे म्हणून दुखतोय असं नाही, त्यामुळे पकड वाढवून उपयोग नाही.

आधी दुखणं नक्की तेच आहे ना, हे बघा. अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे वाकवल्यावर त्याच हाडावर चरचरीत कळ आली, तर शंका बळावते. ही चाचणी निरोगी हातालाही थोडी ताणते, म्हणून दुसऱ्या हाताशी तुलना करा. एकदाच करा. पुष्कळ जण हीच चाचणी 'स्ट्रेचिंग' म्हणून दिवसातून दहादा करतात आणि सुजलेली जागा पुन्हा पुन्हा चिडवतात. अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होत असेल आणि रात्री मुंग्यांनी जाग येत असेल, तर दुखणं वेगळं आहे, कार्पल टनेलचं, म्हणजे मनगटात नस दबण्याचं. पडल्यानंतर दुखायला लागलं असेल तर व्यायाम नकोच, आधी डॉक्टर. मनगटातलं एक छोटं हाड मोडलं तरी पहिल्या एक्स-रेमध्ये कधीकधी दिसत नाही. जागा लाल, गरम झाली आणि ताप आला, तर त्याच दिवशी दाखवा.

पहिले तीन-चार आठवडे विश्रांतीचे. अंगठा आणि मनगट दोन्ही धरणारा स्प्लिंट घ्या, फक्त मनगटाचा पट्टा पुरत नाही. अंगठ्याचं टोकाकडचं पेर मोकळं वाकलं पाहिजे. पट्टा हाडावर करकचून आवळला तर तिथून जाणारी नस दबते आणि अंगठ्याच्या पाठीवर मुंग्या येतात. तसं झालं तर तो सैल करा. दिवसातून तीन-चार वेळा काढून अंगठा आणि मनगट न दुखेल इतकं सावकाश हलवा, नाहीतर सांधा आखडतो. दुखल्यावर बर्फ फडक्यात गुंडाळून 10 मिनिटं. त्या हाडावर जोरात मालिश नको.

पण खरा फरक पडतो तो उचलण्याच्या पद्धतीने. बाळाच्या बगलेत हात घालून अंगठे ताठ वर ठेवून उचलता ना? तसं केलं की बाळाचं सगळं वजन याच दोऱ्यांवर येतं. तळवे वर करून एक हात ढुंगणाखाली, दुसरा पाठीमागे सरकवा, बाळाला छातीशी घ्या, मग उठा. अंगठा बोटांना चिकटलेला राहू द्या. मोबाइल टेबलावर ठेवून तर्जनीने टाइप करा.

रोजची कामं करताना दुखणं दहापैकी तीनच्या आत आलं की ताकदीचं काम सुरू करा. सुरुवात हालचालीशिवाय: दुसऱ्या हाताचं बोट अंगठ्याच्या पाठीवर ठेवा, अंगठा वर ढकला पण हलू देऊ नका. अर्ध्याच जोराने, 20 सेकंद, पाच वेळा. आठवडाभर हे निभावलं तर हातोडी घ्या. हात टेबलावर, मनगट कडेबाहेर, अंगठ्याची बाजू वर, हातोडी उभी. चार आकडे मोजत ती पुढे झुकू द्या, मूठ करंगळीकडे वाकायला लागायच्या आधी थांबा, आणि दुसऱ्या हाताने परत उभी करा. दहा-दहाचे तीन फेरे, एक दिवसाआड. सुरुवातीला दांडा हातोडीच्या डोक्याजवळ धरा. मूठ एकेक बोट खाली सरकवली की तीच हातोडी जड होत जाते, नवं वजन लागत नाही.

व्यायाम करताना थोडं दुखलं तरी चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या सकाळपेक्षा जास्त दुखलं, तर मूठ परत वर घ्या.

सहा आठवड्यांत काहीच फरक नसेल तर नुसत्या व्यायामावर अडून बसू नका. बोगद्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन पुष्कळांना पुरतं. काहींच्या बोगद्यात मधे पडदा असतो आणि औषध एकाच कप्प्यात जातं, म्हणून पहिलं इंजेक्शन फुकट गेलं तर सोनोग्राफीत बघून देता येईल का, असं हाताच्या डॉक्टरांना विचारा. त्यानेही भागलं नाही तर बोगद्याचं छत उघडण्याची छोटी शस्त्रक्रिया असते.