शानतौला फक्त खाण्यासाठी जावे का?

आपला प्रश्न असा आहे की कामानिमित्त ग्वांगचौला गेल्यावर तीन-चार दिवस मोकळे मिळणार आहेत, बँकॉक आणि सिंगापूर पूर्वी पाहून झाले आहे, तेव्हा केवळ खाद्यपदार्थांच्या कीर्तीवर विसंबून दक्षिण चीनच्या किनाऱ्यावरील शानतौला जावे का, आणि सोबत येणाऱ्या शाकाहारी पत्नीची तिथे गैरसोय होईल का. मी ग्वांगचौला नोकरीसाठी राहत असताना शानतौला जात असे, त्या अनुभवावरून सांगतो: जरूर जा, मात्र पहिला दिवस खाण्यासाठी ठेवू नका. या शहराचे स्वयंपाकघर आणि तिथून समुद्रापार गेलेल्या माणसांचा इतिहास एकमेकांत इतके गुंतलेले आहेत, की इतिहास आधी पाहिला तर ताटातल्या पदार्थाची चव वेगळी लागते.

शानतौ, म्हणजे जुन्या नकाशांवरील स्वाटाव, 1860 मध्ये परकीय व्यापारासाठी खुले झाले आणि त्यानंतर या परिसरातील असंख्य लोक इथूनच आग्नेय आशियाकडे गेले. त्याआधी हेच काम आजच्या चेंगहाय भागातील चांगलिन बंदरातून निघणारी, लाल रंगवलेल्या नाळेची जहाजे करीत असत. बँकॉकमध्ये आपण पाहिलेला याओवारात हा चिनी वस्तीचा भाग प्रामुख्याने याच परिसरातून गेलेल्या, टिओच्यू म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लोकांनी वसवलेला आहे, आणि 1767 ते 1782 या काळात सयामवर राज्य करणाऱ्या राजा ताकसिनचे वडीलही चेंगहायचेच होते. 1980 मध्ये चीनने पहिले विशेष आर्थिक विभाग ठरवताना शेनचेन, चुहाय आणि शियामेनसोबत शानतौची निवड केली, त्यामागे परदेशस्थ टिओच्यू समाजाचे भांडवल ओढून घेण्याचा विचार होता. आपल्याशी जोडणारा एक क्लेशकारक दुवाही इथे आहे. समोरच्या नान्आओ बेटाजवळ एकोणिसाव्या शतकात परदेशी व्यापाऱ्यांची अफूची जहाजे नांगरून असत, आणि त्या काळी माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनच्या किनाऱ्याकडे जात होती.

पहिल्या सकाळी छ्याओपी संग्रहालय पाहा. छ्याओपी म्हणजे परदेशी गेलेल्या माणसाने घरी पाठवलेले पैसे आणि त्यासोबतचे पत्र. कोकणातल्या घरी मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीची ज्यांना आठवण आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. बँकॉक किंवा सिंगापूरमधील पेढी पत्र आणि रक्कम स्वीकारी, शानतौमधील पेढी ती गावोगाव पोहोचवी, आणि पैसे देणारा माणूस परत जाताना पोहोच म्हणून घरच्यांचे छोटे उत्तर घेऊन जाई. ज्यांना लिहिता येत नसे, ते लेखनिकाकडून पत्र लिहवून घेत. आईला किती, काकूला किती, मुलाच्या शाळेला किती, अशी वाटणी त्या चार ओळींत केलेली असे. 2013 मध्ये युनेस्कोने ग्वांगतोंग आणि फुच्यान प्रांतांतील या पत्रसंग्रहाचा जागतिक स्मृती नोंदवहीत समावेश केला. मला शानतौमध्ये याहून मोलाचे काही आढळले नाही.

दुपारी चेंगहायमधील चेन त्सहोंग यांचे निवासस्थान पाहावे. बँकॉकमध्ये तांदळाच्या व्यापारात मोठ्या झालेल्या या घराण्याने 1910 मध्ये गावी बांधकाम सुरू केले आणि ते काही दशके चालले. टिओच्यू पद्धतीच्या चौकांना इथे पाश्चात्त्य धर्तीच्या गॅलऱ्या आणि परदेशातून आणलेल्या रंगीत फरश्या यांची जोड दिलेली आहे. आपण बँकॉकमध्ये नदीकाठचे ल्हाँग 1919 हे जुन्या इमारतींचे संकुल पाहिले असेल, तर ती जागाही तिथे वांगली नावाने ओळखल्या जाणाऱ्या याच घराण्याची आहे, हे तिथे उभे असताना लक्षात असू द्या. जुन्या शहरातील श्याओ कोंगयुआन हा कमानदार दुकानांचा भाग संध्याकाळी पायी फिरण्याजोगा आहे. नव्याने रंगवलेल्या दर्शनी रस्त्यांपेक्षा मागच्या, अजून दुरुस्त न झालेल्या गल्ल्या मला अधिक खऱ्या वाटल्या.

आता खाण्याविषयी. शानतौची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट म्हणजे ताज्या गोमांसाचे हॉटपॉट, ज्यात जनावराच्या निरनिराळ्या भागांचे पातळ काप साध्या उकळत्या रश्श्यात काही सेकंदच बुडवून खातात. आपल्याला ते चालते की नाही हे आपण लिहिलेले नाही. चालत नसेल तरी काही बिघडत नाही, कारण माझ्या मते या शहराचा खरा स्वभाव समुद्रातल्या अन्नात आहे. मासे बांबूच्या छोट्या टोपल्यांत रचून खाऱ्या पाण्यात उकडतात, गार करतात आणि सोयाबीनच्या खारट चटणीसोबत तसेच गार खातात. मसाला, तेल, फोडणी काहीच नसल्यामुळे मासा किंचित जरी शिळा असेल तरी तो लपत नाही, आणि म्हणूनच हा पदार्थ मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या पेजेच्या दुकानांत भाताच्या दाटसर पेजेबरोबर खारवलेल्या भाज्या, शिंपल्या आणि असे मासे मांडलेले असतात. हाताने दाखवून मागितले तरी चालते. कालवांचे कुरकुरीत ऑम्लेट आणि चेंगहायच्या सिंहमुखी हंसाचे मसाल्यात मुरवलेले मांस हेही चुकवू नका. हॉटपॉटसोबत मिळणारी शाचा चटणी मुद्दाम चाखा: आग्नेय आशियातील साते मसाला परत आलेल्या लोकांबरोबर इथे आला आणि स्थानिक हातांनी बदलला. कच्चे खेकडे आणि कोळंबी मुरवून खाण्याचीही इथे आवड आहे, पण ते शिजवलेले नसतात, त्यामुळे नाजूक पोटाच्या माणसाने त्यांच्यापासून दूर राहावे.

पत्नीसाठी थोडी तयारी लागेल. भाजीतही मत्स्यसॉस किंवा चरबी घालण्याची पद्धत आहे, त्यामुळे ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही. मासे, मत्स्यसॉस, चरबी आणि मांसाचा रस्सा यांपैकी काहीही नको, असे चिनी लिपीत लिहून फोनमध्ये ठेवा. पाकात घोळवलेले अळकुडीचे तुकडे, साधी पेज आणि ताजी फळे सहज मिळतात, मात्र अळकुडीच्या लगद्याच्या गोड पदार्थात बहुधा डुकराची चरबी असते, हे विचारून घ्या. एक दिवस शेजारच्या छाओचौला दिल्यास 738 मध्ये स्थापन झालेले खायुआन मंदिर पाहता येईल, आणि बौद्ध शाकाहारी जेवण शोधायला अशा मोठ्या मंदिरांचा परिसरच सोयीचा असतो. फेंगहुआंग डोंगरावरील तानत्सोंग चहा दोन्ही शहरांत दुकानदार आपण होऊन पुढे करतात. छोट्या पेल्यांतला तो चहा नाकारू नये.

ग्वांगचौहून जलदगती रेल्वेने दोन तासांच्या आसपास पोहोचता येते, तिकिटाला पासपोर्ट लागतो. जुलै ते सप्टेंबर हे वादळांचे महिने टाळून ऑक्टोबर ते डिसेंबर निवडा, आणि चीनमधील बहुतेक संग्रहालये सोमवारी बंद असतात, म्हणून पत्रांचा दिवस सोमवारी येऊ देऊ नका.