भावाच्या व्यसनमुक्तीचा खर्च झेडपी करते का, आणि बालगृहातली मुलं परत मिळतील का?

झेडपीवर फार अवलंबून राहू नका. केंद्राचं सामाजिक न्याय खातं संस्थांना अनुदान देतं आणि त्या व्यसनमुक्ती केंद्र चालवतात, म्हणजे काम संस्थेचं नि पैसा सरकारचा. जवळचं कुठलं ते 14446 वर विचारा, कॉल फ्री आहे.

पण आधी सिव्हिलला न्या. रोज पिणाऱ्याची दारू घरात एकदम बंद केली की हात थरथरतात, कधी फिट येते, जिवावर बेततं, आमच्याकडे एक खलाशी असाच ओटीवर कोसळला होता. भाऊ बोटीवर असेल तर पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हाच अ‍ॅडमिट करा, मजुरी बुडाली हे कारण तरी उरत नाही.

मुलांचं म्हणाल तर तो निर्णय बालकल्याण समितीचा, 2015 च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे. व्यसनमुक्ती केंद्राच्या डिस्चार्ज कार्डापासून फॉलोअपच्या चिठ्ठ्यांपर्यंत सगळं एका फाईलला लावून ठेवा, कारण समितीकडून घरी चौकशीला माणूस येतो नि तो वहिनीशी, शेजाऱ्यांशी बोलून रिपोर्ट देतो. आणि मुलांना भेटायला जाणं थांबवू नका हो, तेही बघतात.