वाचकांचे प्रश्न: दोन हलची बोट, धरणातली लाट आणि घाटातला उतार

नाशिककरांकडून या वेळी छोट्या पॉवर कॅटामरानविषयी, म्हणजे दोन समांतर हल (पाण्यात बसणारे सांगाडे) जोडून केलेल्या इंजिनाच्या बोटींविषयी, बरीच पत्रं आली. बोटी बहुतेक पाच ते सहा मीटरच्या, मागे बाहेर लटकलेली दोन आउटबोर्ड इंजिनं, आठवडाभर गंगापूर धरण आणि सुट्टीत कोकण, असा बेत. प्रश्न एकमेकांत गुंतलेले होते, म्हणून निवडक पाच घेतले आहेत.

प्रश्न : आमची साडेपाच मीटरची फायबरची कॅटामरान आहे. ४० हॉर्सपॉवरची दोन इंजिनं. सकाळी धरणात लोण्यातून सुरी फिरावी तशी चालते. पण एप्रिल-मेमध्ये दुपारी वारा सुटला की पायाखाली कोणी घण घालतंय असा आवाज येतो. मधूनच पुढून पाण्याचा फवारा उलटा तोंडावर येतो. वेग कमी केला तर जास्तच. बोट सदोष आहे का?
— एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : दोष बोटीत नसावा. भरलेल्या वजनात आणि ट्रिममध्ये, म्हणजे बोटीच्या पुढे-मागे कलण्यात, शोधा.

दोन हलच्या मधल्या मोकळ्या जागेला टनेल म्हणतात. बोट वेगात असते तेव्हा टनेलमध्ये शिरणारी हवा दाबली जाते आणि उशीसारखी बोटीला थोडी उचलून धरते. वेग तोडला की उशी जाते, बोट खाली बसते आणि लाटेचा माथा थेट टनेलच्या छताला भिडतो. तो घणाचा आवाज. लाट टनेलमध्ये कोंडली आणि हवेला मागून निघायला वाट मिळाली नाही, की हवा-पाणी मिळून पुढून बाहेर फेकलं जातं. कॅटामरानवाले याला ‘शिंक’ म्हणतात. समोरून वारा असला की ती शिंक तुमच्याच अंगावर येते.

आता वजन. तुमच्या मापाच्या बोटीत एकेक हल पाण्याच्या रेषेवर साधारण ६० सेंटीमीटर रुंद असतो. अशी बोट एक सेंटीमीटर खाली बसवायला जेमतेम ५० किलो लागतात. तेवढ्याच लांबीच्या एका हलच्या बोटीला ७० किलोच्या आसपास लागतात. म्हणजे चार पाहुणे जास्तीचे घेतले, २८० किलो, की साधी बोट चार सेंटीमीटर बसते आणि तुमची जवळपास सहा. टनेलची उंची मुळात २५ सेंटीमीटर असेल तर तिचा पाव हिस्सा पाहुण्यांनीच खाल्ला. बर्फाची पेटी, जादा जेरीकॅन, पाण्याचे कॅन सगळे पुढच्या डेकवर ठेवायची आपल्याकडे सवय आहे. पुढे जागा मोकळी दिसते म्हणून ठेवलं जातं, आणि शिंक नेमकी तिथूनच सुरू होते.

धरणातली लाट समुद्रातल्या लाटेहून वेगळी असते, हेही लक्षात घ्या. वाऱ्याला वाहायला काही किलोमीटरच मोकळं पाणी मिळतं, त्यामुळे लाट अर्धा मीटरसुद्धा होत नाही. पण ती आखूड आणि उभी असते. दोन माथ्यांमधलं अंतर बोटीच्या लांबीइतकंच भरतं, म्हणून बोट एका लाटेवरून उतरते न उतरते तोच दुसरीवर आदळते.

करून पाहायचा क्रम असा. पुढचं सगळं वजन उचलून बोटीच्या मध्याच्या थोडं मागे आणा. डावी-उजवी बाजू सारखी ठेवा. एका हलवर ४० किलो जास्त असले तरी सरळ चालताना सुकाणू सतत एका अंगाला ओढतं. मग इंजिनाची ट्रिम, म्हणजे त्याच्या पायाचा कल, थोडी बाहेर घ्या, नाक किंचित वर येईपर्यंत. बटण एक-दोन सेकंदच दाबायचं. बोट नाक वरखाली हलवत डुलायला लागली तर जास्त झालं, मागे घ्या. वेग बोट प्लेनिंगवर, म्हणजे पाण्याच्या पृष्ठावर सरकत, टिकेल इतका, तुमच्या बोटीला साधारण ताशी २२ ते २८ किलोमीटर, आणि लाटेला अगदी समोरून न भिडता १५-२० अंश तिरकं जा. तिरकं गेल्याने लाट दोन्ही हलना एकाच क्षणी गाठत नाही आणि टनेल एका झटक्यात भरत नाही. फवारा तरीही वाऱ्याच्या बाजूने आत येईल. त्या बाजूला रेनकोटवाला बसवा.

एवढं करूनही बोट पाण्यातून सुटून हवेत जात असेल तर पाणी तुमच्या बोटीला जड झालंय. तेव्हा अर्धवट वेग धरू नका. ताशी ८-९ किलोमीटरवर या आणि लाटा एकेक करून चढा. ताशी १४-१५ चा मधला वेग सगळ्यांत वाईट, कारण उशीही नसते आणि बोट शांतही नसते. किल स्विचची (चालक पडला तर इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) दोरी मनगटाला हवी, हे वेगळं सांगायला नको. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. म्हणून तीन वाजता ‘अजून चालतंय’ म्हणणारा साडेतीनला अडकतो.

प्रश्न : वळताना बोट बाहेरच्या बाजूला कलते. आधीची बोट आत कलायची. बसलेली माणसं घाबरतात.
— एक वाचक, सातपूर

उत्तर : बऱ्याच कॅटामरान वळणात सपाट राहतात किंवा बाहेर झुकतात. व्ही आकाराच्या तळाची बोट वळणात आतल्या अंगावर निजते, तशी ही निजत नाही. दोन हल एकमेकांपासून लांब असतात, आणि वजनाचा मध्य पाण्याच्या बराच वर असल्यामुळे केंद्रापसारी ओढ त्याला बाहेर नेते. बाहेरचा हल थोडा बसतो. बोट उलटत नाही, पण कठड्यावर टेकलेला माणूस बाहेर जाऊ शकतो. वळायच्या आधी ट्रिम पूर्ण आत घ्या, वेग एक-तृतीयांश उतरवा, तोंडाने ‘वळतोय’ म्हणा. जागीच वळायचं असेल तर सुकाणू सरळ ठेवून एक इंजिन पुढे आणि एक मागे घाला. दोन इंजिनांमध्ये इतकं अंतर असल्याने ती आपल्याभोवती लट्टूसारखी फिरते. या बोटीचं हे खरं सुख आहे, आणि फार कमी लोक ते वापरतात.

प्रश्न : लाटांत एक इंजिन मध्येच ओरडतं, आरपीएम वर जातात आणि ओढ संपते. दुसरं म्हणजे सपाट पाण्यातही पूर्ण थ्रॉटलला आरपीएम कंपनीने सांगितले तितके येत नाहीत.
— एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : दोन वेगळी दुखणी आहेत. ओरडणं म्हणजे पंख्याला (प्रोपेलरला) पाण्याऐवजी हवा मिळतेय. इंजिनाच्या पायावर पंख्याच्या वर जी आडवी प्लेट असते ती हलच्या तळाच्या रेषेत आहे का, मोठी सरळ पट्टी लावून बघा. प्लेट वर असेल तर इंजिन एक भोक खाली घ्या. माउंटिंगची भोकं साधारण १९ मिलिमीटर अंतरावर असतात. एका वेळी एकच भोक, आणि दोन्ही इंजिनांना सारखंच. फार खाली घेतलं तर फवारा वाढतो, पेट्रोल वाढतं. फक्त एकच इंजिन ओरडत असेल तर प्लेटआधी वजन बघा. हलका हल वर राहतो आणि त्याचाच पंखा उघडा पडतो.

दुसऱ्या दुखण्याचं कारण नाशिक शहर. आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहोत. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाची ताकद दर ३०० मीटरला साधारण तीन टक्के घटते, म्हणजे इथे सहा टक्के गेली. नेहमीचा भार भरून पूर्ण थ्रॉटल द्या आणि आरपीएम लिहून ठेवा. ३०० ते ४०० कमी पडत असतील तर पिच (एका फेऱ्यात पंखा जितका पुढे सरकेल ते अंतर) दोन इंच कमी असलेले पंखे लावा. एका इंचाला साधारण २०० आरपीएम मिळतात. पण तेच पंखे घेऊन कोकणात उतरलात तर हवा दाट, ताकद परत आलेली, आणि इंजिन लाल रेषेपलीकडे जाईल. समुद्रासाठी जुने पंखे डिकीत ठेवा. सोबत पंख्याचा नट अडवणाऱ्या कॉटर पिना नव्या घ्या. वाकवून सरळ केलेली पिन दुसऱ्यांदा वापरू नये.

प्रश्न : बोट ट्रेलरवर घालून नाशिकहून कसारा घाटाने अलिबागकडे न्यायची आहे. डिझेल एसयूव्ही आहे. काय बघावं?
— एक वाचक, पाथर्डी फाटा

उत्तर : पहिल्यांदा टेप घ्या. रस्त्यावर वाहनाची एकूण रुंदी २.६ मीटरपेक्षा जास्त चालत नाही. कॅटामरान मुळातच रुंद असते आणि ट्रेलरचे मडगार्ड त्याहून बाहेर येतात, म्हणून सगळ्यांत रुंद जागा मोजा. ट्रेलरची आरटीओकडे स्वतंत्र नोंदणी लागते.

मग बेरीज करा. हल ८०० किलो, दोन इंजिनं २००, बॅटरी-नांगर-दोर वगैरे ७५, ट्रेलर ४००. झाले १४७५. टाकीत १०० लिटर पेट्रोल असेल तर आणखी ७५. ते इथून वाहून नेण्यात अर्थ नाही, खाली भरा. गाडीच्या मॅन्युअलमध्ये ओढण्याची मर्यादा बघा. हूक चासीला बोल्ट केलेला हवा. बाजारात बंपरमागे शोभेला लावतात तो हूक सायकलसुद्धा ओढायच्या लायकीचा नसतो.

हूकवर येणारा भार एकूण वजनाच्या ७ ते १० टक्के हवा, इथे १०० ते १५० किलो. कॅटामरानची दोन्ही इंजिनं अगदी शेवटी लटकलेली असल्यामुळे तो हमखास कमी भरतो, आणि मग ताशी ६० वर ट्रेलर शेपटीसारखा डोलायला लागतो. मोजायला घरचा वजनकाटा पुरतो. समोरासमोर ९० सेंटीमीटरवर एक वीट आणि काटा ठेवा, दोन्हींवर जाड फळी टाका, काटा शून्यावर आणा. ट्रेलर सपाट उभा करून त्याचं तोंड विटेपासून ३० सेंटीमीटरवर टेकवा. काटा ४० दाखवत असेल तर भार १२० किलो. कमी आला तर बोट ट्रेलरवर पुढे सरकवा. त्यासाठी विंचचा (बोट ट्रेलरवर ओढून घेणाऱ्या चरकाचा) खांब पुढे घ्यावा लागतो.

साध्या बोटीच्या ट्रेलरवरचे मधले रबरी रोलर इथे काढून टाका. कॅटामरानला मध्ये कणाच नाही, ते रोलर टनेलच्या छताला टेकतात आणि कसाऱ्यापर्यंत जेलकोटला, म्हणजे फायबरवरच्या गुळगुळीत थराला, तडे जातात. गालिचा लावलेल्या लांब लाकडी फळ्या दोन्ही हलखाली हव्यात, मागे थेट ट्रान्समपर्यंत (हलच्या मागच्या उभ्या भिंतीपर्यंत), कारण तिथेच इंजिनांचं वजन आहे. मागे दोन्ही कोपऱ्यांना रॅचेट पट्टे, पुढे विंचशिवाय वेगळी साखळी. दोन्ही इंजिनांच्या पायांना आधार द्या, नुसत्या ट्रिमच्या हायड्रॉलिकवर सोडू नका.

नाशिक सोडल्यावर १५ किलोमीटरवर थांबून पट्टे परत आवळा, नवे पट्टे सैल पडतातच. इगतपुरी साधारण ४५ किलोमीटर. तिथे उतरून चाकांच्या हबना हात लावा. कोमट ठीक. हात ठेवता येत नसेल तर बेअरिंग घट्ट आहे किंवा ग्रीस संपलंय, घाटात उतरू नका. पुढे कसाऱ्यापर्यंत सुमारे ३०० मीटरचा उतार आहे. याच उंचीसाठी रेल्वेला चढताना मागून बँकर इंजिन लावावं लागतं. घाटाच्या तोंडाशीच दुसरा गिअर घाला. उतारात मध्येच खालचा गिअर टाकताना ट्रेलर मागून ढकलतो. ब्रेक सतत दाबून ठेवू नका. दाबा, वेग तोडा, सोडा. ट्रेलर डोलायला लागला तर सुकाणू सरळ धरा आणि ॲक्सिलरेटर सोडा. डोलणं मोडायला उलटसुलट वळवलं की ते वाढतं.

समुद्रावर पोचल्यावर लगेच ट्रेलर पाण्यात घालू नका. गरम हब थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आक्रसते आणि सीलमधून खारं पाणी आत ओढलं जातं. अर्धा तास चहा घ्या. परत आल्यावर हबवर गोडं पाणी मारा.

प्रश्न : धरणात दुसऱ्याची बंद पडलेली बोट ओढून आणायची वेळ आली. दोर एका कोपऱ्याच्या क्लीटला (दोर बांधायच्या खुंटीला) बांधला तर आमचीच बोट गोल फिरायला लागली.
— एक वाचक, मखमलाबाद

उत्तर : एका हलवरून ओढलं की असंच होणार. दोन्ही ट्रान्समच्या कड्यांना १२ मिलिमीटर नायलॉनचा एकेक दोर बांधून मागे ‘व्ही’ करा. कड्यांमध्ये पावणेदोन-दोन मीटर अंतर असेल तर प्रत्येक पाय तीन मीटरचा घ्या. आखूड ठेवला तर दोन पायांतला कोन मोठा होतो आणि कड्यांवर आत ओढणारा ताण वाढतो. ‘व्ही’च्या टोकाला पक्का फास बांधा, सरकती कडी नको. सरकत्या कडीत एक पाय तुटला की सगळाच दोर जातो.

ओढायचा दोर १५ ते २० मीटर. बंद पडलेल्या बोटीच्या नाकाखाली ट्रेलरची कडी असते, दोर तिथे बांधा. डेकवरचं क्लीट नुसत्या स्क्रूवर बसवलेलं असेल तर उपटून बंदुकीच्या गोळीसारखं येतं. म्हणून दोराच्या रेषेत कोणीही बसायचं नाही. त्या बोटीतली माणसं मागे बसवा, तिचं नाक हलकं राहील. दोर हळूच ताणला जाईपर्यंत फक्त गिअरमध्ये, मग ताशी ६ ते ८ किलोमीटर. लाटा असतील तर दोर कमी-जास्त करून दोन्ही बोटी एकाच वेळी माथ्यावर येतील असं जमवा. एक माथ्यावर आणि एक खळग्यात असली की दोर ढिला पडतो आणि पुढच्या क्षणी झटका बसतो. नायलॉन पाण्यात बुडतं, ढिल्या दोराने पंखा गुंडाळला की बंद पडलेल्या बोटी दोन.

उद्या तुमचीच कॅटामरान ओढून घ्यायची वेळ आली तरी हेच उलटं : दोन्ही हलच्या नाकांवरून ‘व्ही’. आपल्या टोकाचा दोर क्लीटला फेरे घालून बांधा, गाठ मारू नका. ताणाखाली गाठ सुटत नाही. चाकू हाताशी ठेवा.