मेनिन्जायटिसची साथ: पुरळाची वाट पाहू नका

मेनिन्गोकॉकस जिवाणूमुळे मेंदूच्या आवरणाला सूज येते, त्या मेनिन्जायटिसबद्दल आलेल्या पत्रांना ही उत्तरं.

मुलगा हॉस्टेलवर आहे. त्याच्या शेजारच्या खोलीतल्या मुलाला मेनिन्जायटिस झाला. मुलाला घरी बोलावू का? (पालक, सांगली)

घाईघाईने गाडीत बसवू नका. आधी विचारा, त्या मुलाशी त्याचा संबंध कितपत होता? एका खोलीत झोपणं, एकाच बाटलीला तोंड लावणं, रात्र-रात्र जवळ बसून अभ्यास करणं हा जवळचा संपर्क. वर्गात चार बाकं सोडून बसणारा त्यात येत नाही. शंभरातल्या साधारण दहा निरोगी माणसांच्या घशात हा जिवाणू मुकाट राहत असतो. तो लाळेतून आणि खोकल्या-शिंकेच्या तुषारांतून पसरतो, शरीराबाहेर फार तग धरत नाही. त्यामुळे खोल्यांत धुरळणी करून किंवा गाद्या जाळून काही साधत नाही.

जवळच्या संपर्कातल्यांना प्रतिबंधक अँटिबायोटिक देतात. सिप्रोफ्लॉक्सासिनचा एक डोस किंवा रिफाम्पिसिन दोन दिवस. कुणाला काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतील, पण शक्यतो 24 तासांत द्यायला हवं. चौदा दिवस उलटल्यावर त्याचा फारसा उपयोग नाही. गोळी घेतली तरी पुढचे दहा दिवस ताप आला की लगेच दवाखाना गाठायचा. संपर्कातल्या मुलांची यादी आरोग्य अधिकाऱ्यांकडे त्याच दिवशी जायला हवी. नाव खराब होईल म्हणून कुणी ती दाबून ठेवत असेल, तर पालकांनी एकत्र येऊन मागावी.

ताप-डोकेदुखी तर फ्लूलाही असते. ग्लासची चाचणी खात्रीची आहे का? (नाशिक)

पहिल्या काही तासांत हा आजार आणि फ्लू वेगळे ओळखणं डॉक्टरांनाही अवघड जातं. म्हणून साथ चालू असताना तापाच्या जोडीला मान आखडणं (हनुवटी छातीला टेकत नाही), उजेड सहन न होणं, उलट्या, गुंगी, बरळणं, हातपाय गार पडून दुखणं यांतलं काहीही दिसलं, तर थेट मोठ्या रुग्णालयात जा. पॅरासिटामॉलने ताप उतरला म्हणजे धोका टळला असं नाही. तान्ह्या बाळाची मान आखडतेच असं नाही. ते दूध ओढत नाही, डोक्याची टाळू फुगते, उचलून घेतल्यावर जास्तच रडतं.

पुरळावर काचेचा ग्लास दाबून ठिपके फिके होतात का ते बघायचं, अशी ही चाचणी. दाबूनही ठिपके तसेच राहिले तर एक मिनिटही दवडू नका. आपल्या सावळ्या कातडीवर ते चटकन दिसत नाहीत, म्हणून तळहात, तळपाय, पापणीची आतली बाजू आणि तोंडातला टाळा उजेडात बघा. आणि पुरळ नसलं तरी निर्धास्त होऊ नका, कित्येक रुग्णांना ते येतच नाही. उपचाराविना निम्मे रुग्ण दगावू शकतात. वाचलेल्यांपैकी पाचांतल्या एकाला कायमचं काही ना काही व्यंग राहतं, अनेकदा बहिरेपण. घरी सोडताना श्रवणचाचणी मागून घ्या.

मणक्यातून पाणी काढलं की माणूस लुळा पडतो म्हणतात. सही करावी का? (बीड)

करा. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागातच संपतो आणि सुई त्याच्या खाली टोचतात. काढलेलं पाणी शरीर काही तासांत भरून काढतं. एक-दोन दिवस डोकं दुखू शकतं. निरोगी माणसाचं हे पाणी नितळ असतं, जिवाणूंचा संसर्ग झाला की गढूळ दिसतं. नेमका जिवाणू कळला तर औषध नेमकं देता येतं. लुळेपणा येतो तो आजारामुळे, आणि सही द्यायला लावलेला उशीर त्याला वाव देतो. तपासणीला वेळ लागणार असेल तर अँटिबायोटिकचं पहिलं इंजेक्शन डॉक्टर आधीच देतात.

उमराहला जायचं आहे. लस खरंच लागते का? (भिवंडी)

लागते. 2000 साली हजच्या काळात W गटाच्या जिवाणूची साथ आली आणि यात्रेकरूंबरोबर ती अनेक देशांत पोचली. 2024 मध्येही उमराहहून परतलेल्यांत रुग्ण सापडले. A, C, W, Y या चार गटांवरची लस पोचण्याच्या किमान 10 दिवस आधी घ्यायची. नुसतं प्रमाणपत्र मिळवून देणाऱ्यांच्या नादी लागू नका.

लसीने काय होतं ते आफ्रिकेने पाहिलं आहे. सेनेगल ते इथिओपियाच्या पट्ट्यात 1996-97 मध्ये अडीच लाख रुग्ण आणि 25 हजार मृत्यू झाले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची मेनआफ्रिव्हॅक 2010 मध्ये बुर्किना फासोपासून दिली जाऊ लागली, आणि 2017 नंतर तिथे A गटाचा एकही खात्रीचा रुग्ण आढळलेला नाही. पाच गटांवरची मेनफाइव्हही सीरमचीच, 2024 पासून ती नायजेरियात दिली जाते.

मुलगी अमेरिकेला शिकायला चालली आहे. गावी तिला मेंदूज्वराची लस दिली होती, ती पुरेल का? (नागपूर)

नाही. विदर्भात मुलांना देतात ती लस जपानी मेंदूज्वराची, डासांमार्फत पसरणाऱ्या विषाणूवरची. तिला चार गटांची लस इथेच द्या. B गटाची लस वेगळी असते. 2013 मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठात आलेली साथ B गटाचीच होती आणि तिथे चार गटांची लस कामाची नव्हती. पोचल्यावर विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात B च्या लसीबद्दल विचारायला सांगा.