न्हाणीतली पाखरं फिनेलने का मरत नाहीत?

प्रश्न : शिवाजी पेठेत आमचं जुनं घर आहे. न्हाणीच्या भिंतीवर रोज सकाळी बारीक, करडी, केसाळ पाखरं बसलेली असतात. बोटाने दाबली की राखेसारखा डाग पडतो. रोज फिनेल ओतते, औषधाचा फवाराही मारला. दोन-चार दिवस बरे जातात, की पुन्हा तेवढीच. सासूबाई म्हणतात हे डास आहेत, डेंग्यू होईल. सासऱ्यांना दमा आहे, त्यामुळे सारखा फवारा मारायचीही भीती वाटते. काय करू?
— एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : ताई, आधी सासूबाईंची काळजी दूर करा. हे डास नव्हेत. ही मोरीतली माशी. ती चावत नाही, रक्त पीत नाही आणि तिच्यामुळे डेंग्यू होत नाही. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, म्हणून त्यासाठी पिंप, कूलर आणि कुंडीखालच्या बशा बघायच्या. केळ्यांवर घोंगावणारी चिलटंही वेगळी. तुमच्या पाखराचे पंख घराच्या छपरासारखे उतरते असतात, अंगभर केस असतात आणि त्याला लांब उडता येत नाही. उठलं की हातभर जाऊन पुन्हा भिंतीलाच चिकटतं.

सासऱ्यांच्या बाबतीत मात्र तुमची भीती रास्त आहे. मेलेल्या माश्यांचे केस नि पंखांचा चुरा हवेत गेला, तर काही लोकांना त्याचा त्रास होतो, दम्याच्या माणसाला जास्तच. म्हणून मेलेल्या माश्या कोरड्या झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने टिपा. बंद न्हाणीत फवारा तर मारूच नका. भिंतीवरच्या माश्यांवर साबणाचं पाणी शिंपडलं तरी त्या पडतात.

आता फिनेलचं. मी नळकाम करणारा माणूस. जाळी उचलल्याशिवाय मला या तक्रारीवर बोलताच येत नाही, आणि जाळी उचलली की बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट दिसते : आतल्या भिंतीला काळा, बुळबुळीत थर. साबण, केस, अंगाचा मळ, तेल आणि त्यावर वाढलेले जंतू मिळून हा थर होतो. माशी अंडी घालते ती या थरात. दोनेक दिवसांत अळी बाहेर पडते, नऊ ते पंधरा दिवस थर खात राहते, मग दिवस-दोन दिवस कोषात आणि नंतर भिंतीवर. अळीच्या शेपटाकडे श्वासाची नळी असते, तेवढी वर काढून ती चिखलात आरामात जगते. फिनेल या थरावरून घसरून गटारात जातं, अळीपर्यंत पोचतच नाही. फवाऱ्याने आज बसलेल्या माश्या मेल्या तरी उद्याच्या माश्या थरात तयारच असतात. म्हणून सगळा जोर थर काढण्यावर लावा.

माश्या नेमक्या कुठून येतात ते आधी शोधा. रात्री सगळ्यांची कामं आटोपली, न्हाणी सुकली, की जाळीवर पारदर्शक चिकटपट्टी लावा, चिकट बाजू खाली. थोडी फट राहू द्या, हवा खेळली पाहिजे. सकाळी पट्टीला माश्या चिकटलेल्या दिसल्या की जागा सापडली. एका रात्रीत काही दिसलं नाही म्हणून सोडू नका, तीन-चार रात्री बघा. स्वयंपाकघराची मोरी, बेसिन, वॉशिंग मशीनचं पाणी जातं ती जागा, फ्रिजच्या मागचा ट्रे, सगळीकडे असंच करा.

जागा कळली की हातमोजे घाला आणि जाळी काढा. त्याखाली न्हाणी ट्रॅपची, म्हणजे पाणी साचवून खालचा वास अडवणाऱ्या भांड्याची, वाटी असते, तीही बाहेर काढा. जाळीची आणि वाटीची खालची बाजू कोणी घासत नाही, आणि खरी घाण तिथंच असते. जुन्या स्क्रू ड्रायव्हरने थर खरवडून काढा, तो पाण्याने आत न ढकलता कागदावर घेऊन कचऱ्यात टाका. मग लांब दांड्याचा बाटली धुवायचा ब्रश पाइपात जाईल तितका घालून फिरवत घासा. त्यानंतर धुण्याचा सोडा गरम पाण्यात विरघळवून ओता. उकळतं पाणी नको, पीव्हीसीचा पाइप आणि त्याचे सांधे मऊ पडतात. खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतायचा उपाय सगळे सांगतात. फेस छान येतो, पण दोन्ही एकमेकांना मारतात आणि थर जागेवरच राहतो. त्यापेक्षा दुकानात थर खाणाऱ्या जंतूंचं ड्रेन क्लीनर मिळतं, ते रात्री झोपताना ओतून सकाळपर्यंत पाणी न सोडलेलं बरं. घासणं त्यानेही चुकत नाही.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. ॲसिड आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका, एकामागोमाग एकही ओतू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. घरात दम्याचा माणूस आहे आणि न्हाणीला खिडकी किती असते ते पेठेतल्या माणसाला सांगायला नको. शिवाय शहाबादी फरशी म्हणजे चुनखडीचाच दगड. ॲसिड तिला खातं, फरशीच्या सांध्यांमधलं सिमेंटही खातं.

आणि इथेच जुन्या घरांचं खरं दुखणं सुरू होतं. सांधे उघडे पडले की पाणी फरशीखाली मुरतं, तिथं चिखल होतो आणि माश्या त्या चिखलात वाढतात. मग ट्रॅप कितीही लखलखीत केला तरी उपयोग नाही. काठीने फरशी ठोकून बघा. जिथं पोकळ आवाज येतो, जिथं भिंतीचा तळ बाराही महिने ओला असतो, तिथं गवंडी बोलवा. फरशी उचलून, खाली कोरडं करून पुन्हा बसवून घ्या. नुसतं वरून पांढरं सिमेंट भरलं तर ओल आतच राहते. न्हाणीचं पाणी बोळातल्या गटारात पडत असेल तर पाइपाचं बाहेरचं तोंडही घासा. चेंबर असेल तर झाकण उघडून गाळ काढा. 2019 आणि 2021 च्या पुराचं पाणी ज्या भागांत शिरलं होतं, तिथल्या लोकांनी तर चेंबर जरूर बघावं.

स्वयंपाकघराच्या मोरीत चिकटपट्टीला माश्या आल्या, तर कारण बहुधा रविवारचं मटण. तांबड्या रश्शाची तर्री आणि पांढऱ्या रश्शातली चरबी गरम असते तोवर वाहते, पाइपात गार झाली की गोठते आणि थराला खाद्य मिळतं. पातेलं धुण्याआधी रद्दीच्या कागदाने पुसून घ्या, एवढं केलं तरी पुष्कळ फरक पडतो. सिंकखालचा बॉटल ट्रॅप बादली ठेवून हाताने उघडता येतो. तोही धुवा.

साफ केल्यावर लगेच माश्या दिसायच्या थांबणार नाहीत. आधी उडालेल्या माश्या आठवडा-दोन आठवडे जगतात. दर तीन-चार दिवसांनी ब्रश फिरवत राहा. तीन आठवड्यांनंतरही संख्या घटली नाही, तर फरशीखाली ओल आहे असं धरून चाला.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. मुलगा पुण्याला असल्याने राजारामपुरीतला फ्लॅट दोन-दोन महिने बंद असतो. परत आलो की मागच्या बाथरूममध्ये दुर्गंधी आणि अशाच माश्या. वापर नसताना घाण कुठून येते?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : सर, ट्रॅपमध्ये साधारण 50 मिलिमीटर पाणी कायम उभं असतं. खालचा वास आणि किडे तेच अडवतं. बाथरूम वापरात नसलं की ते पाणी सुकतं आणि मुख्य पाइपाची वाट घरात उघडी होते. निघायच्या दिवशी ट्रॅप घासून घ्या, दोन तांबे पाणी ओता आणि वर दोन चमचे गोडेतेल सोडा. तेलाच्या थराखाली पाणी सावकाश सुकतं. जाळीवर जाड प्लास्टिक अंथरून त्यावर पाण्याने भरलेली बादली ठेवा. कमोडचं झाकण लावा, बेसिनला बूच बसवा. शेजाऱ्यांकडे किल्ली असेल तर पंधरा दिवसांनी प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओतायला सांगा.