थकवा किडनीचा की मनाचा?

डायलिसिसवर असलेल्या मुलांचे आईवडील हा प्रश्न मला हमखास विचारतात. ठाण्यात नौपाड्याला माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या, कळव्यात राहणाऱ्या एका आईनेही तोच विचारला. मुलगा नववीतला. मूत्रमार्गात जन्मजात अडथळा होता, त्यातून दोन्ही किडन्या हळूहळू निकामी झाल्या. आता आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी चार तास डायलिसिस. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

आई खरं तर त्याचं कौतुकच करत होती. “पूर्वी पाण्यासाठी रडायचा, वडापावसाठी हट्ट धरायचा. आता काही म्हणजे काही मागत नाही. फार समजूतदार झालाय हो. फक्त सारखा दमलेला असतो.”

मी पाण्याबद्दल जरा खोलात विचारलं. निकामी किडनी जास्तीचं पाणी बाहेर टाकत नाही, म्हणून डॉक्टरांनी दिवसाला 700 मिली बांधून दिलेलं. आई सकाळी मोजून बाटली भरते. बाटलीवर स्केचपेनने रेघा मारलेल्या: शाळा, दुपार, संध्याकाळ, रात्रीच्या गोळ्या. पण हल्ली रात्री झोपताना शेवटच्या दोन रेघांमधलं पाणी तसंच उरायचं. ऑक्टोबरच्या उकाड्यात, तहानेने जीव कासावीस होणारं मूल स्वतःच्या वाट्याचं पाणीही पीत नसेल, तर त्याला मी समजूतदारपणा म्हणणार नाही. त्याला काही हवंसंच वाटेनासं झालं होतं.

आता मूळ प्रश्न. थकवा, भूक न लागणं, झोप नीट न होणं, अभ्यासात लक्ष न लागणं हे सगळं किडनीच्या आजारातही होतं आणि नैराश्यातही. म्हणून एकच कारण निवडायचं नसतं, दोन्ही बाजू तपासायच्या असतात. मी त्यांना आधी नेफ्रॉलॉजिस्टकडे, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांकडे, परत पाठवलं. हिमोग्लोबिन कमी निघालं, ते वाढवणाऱ्या इंजेक्शनचा डोस वाढवला. पुढच्या तपासण्यांत हिमोग्लोबिन वर आलं. मुलगा मात्र होता तिथेच.

मग किडनीने जे होत नाही ते बघायचं. सोसायटीतल्या मॅचचा स्कोअर हाच लिहायचा, ते सोडलं होतं. मित्राचा फोन आला की उलटा ठेवायचा. धाकट्या बहिणीवर क्षुल्लक कारणावरून खेकसायचा. या वयात नैराश्य रडण्यापेक्षा चिडचिडीतूनच जास्त दिसतं, आणि घरचे त्याला ‘वय आहे’ म्हणून सोडून देतात. दोन आठवड्यांच्या वर असं चाललं तर थांबू नये. नैराश्य तपासायची प्रश्नावलीही मुलाने स्वतः भरायची असते. आईबाबांनी दिलेली उत्तरं बऱ्याचदा मुलाच्या उत्तरांपेक्षा सौम्य निघतात.

एकटा बसल्यावर तो बोलला. पहिल्यांदा बोलला ते टीएमटीच्या, म्हणजे ठाणे महापालिकेच्या बसबद्दल. किडनीच्या आजारात उंची खुंटते. त्यामुळे कंडक्टरने न विचारताच अर्धं तिकीट फाडलं आणि मागे वर्गातल्या मुली हसल्या. तेव्हापासून तो बसने गेला नाही. फिस्टुलाची (डायलिसिसच्या सुयांसाठी ऑपरेशन करून हातात तयार केलेली) फुगलेली शीर दिसू नये म्हणून भर उन्हात पूर्ण बाह्यांचा शर्ट. मग बऱ्याच वेळाने, खाली बघत: “ताई, माझ्यामुळे बाबांची आठवड्यातून तीन दिवस रिक्षा बंद असते. मी नसतो तर बरं झालं असतं.”

मी त्याला सरळ विचारलं, मरून जावं असं वाटतं का, तसं काही करायचं मनात आलंय का. वाटायचं कधीकधी, काही ठरवलं नव्हतं. हे मी त्याच्या आईबाबांना सांगणार, हेही त्याला आधी सांगितलं. बाबा घाबरले. “असं विचारल्याने नसतं ते डोक्यात येईल ना?” नाही येत. विचार आधीच असतो. विचारल्यावर मुलाला निदान तो एकट्याने वाहावा लागत नाही.

त्याच आठवड्यात मनोविकारतज्ज्ञांना दाखवलं. घरातल्या सगळ्या गोळ्या आईच्या कुलुपात गेल्या. नैराश्याचं औषध सुरू झालं, पण मात्रा मनोविकारतज्ज्ञ आणि नेफ्रॉलॉजिस्ट यांनी मिळून ठरवली. किडनी निकामी असताना हे फार महत्त्वाचं आहे. नेहमीच्या केमिस्टकडून परस्पर काही आणू नका. अशा औषधाचा गुण यायला काही आठवडे जातात, तेवढा काळ घरच्यांनाच धीर धरावा लागतो.

माझ्याकडे आम्ही लहान गोष्टींपासून सुरुवात केली. बाटलीवरच्या रेघा आता तो स्वतः मारतो, 700 मिलीच्या आत कधी किती प्यायचं हे त्याचं तो ठरवतो. आहारतज्ज्ञांना विचारून, पोटॅशियम कमी व्हावं म्हणून बटाटा बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकडून, ते पाणी ओतून देऊन क्वचित अर्धा वडा. रविवारी एका मॅचचा स्कोअर, दहा ओव्हरपुरताच. बाबांनी त्याला पैशांचा हिशोब खरा खरा सांगितला. त्याने मनात धरलेला आकडा त्याहून कितीतरी मोठा होता. आणि आईला मी एकच विनंती केली: “‘शहाणा बाळ’ म्हणणं बंद करा. त्याला कुरकुर करू द्या.”

परवा आई म्हणाली, पाण्यावरून पुन्हा भांडायला लागलाय. मला फार बरं वाटलं. औषध अजून चालू आहे. आईची किडनी जुळते का, याच्या तपासण्याही सुरू आहेत, आणि ‘आईला काही झालं तर?’ ही त्याची नवी भीती आहे. सध्या आम्ही त्यावर बोलतो.

तुमच्या घरी असं मूल असेल तर पुढच्या डायलिसिसच्या दिवशी डॉक्टरांना रिपोर्टबरोबर हेही सांगा: हल्ली काय मागायचं सोडलंय, कोणाशी बोलायचं सोडलंय. ‘मी नसतो तर’ असं काही कानावर आलं तर त्या दिवसाची वाट बघू नका. मुलाला एकटं न ठेवता लगेच डॉक्टरांकडे न्या. सल्ल्यासाठी टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर दिवसरात्र मोफत चालू असतो, आणि तिथे मराठीतही बोलता येतं.