सात धातू कुठले?

प्रिय,

तुझं भाषांतर काल रात्री वाचून संपवलं. भाषा छान वाहते. पेन्सिल एकाच शब्दावर अडली: वैद्यांच्या लेखातल्या 'सप्तधातूं'चे तू 'सात मेटल्स' केलेस.

तांबाकाट्याच्या भांडीबाजारावरून रोज ये-जा करणाऱ्याला धातू म्हटलं की तांब्या-पितळेचा लखलखाटच आठवणार. पण वैद्यांचे धातू म्हणजे रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा आणि शुक्र. अन्नाचा रस होतो, रसातून रक्त, रक्तातून मांस, असं ते पुढे पोसलं जातं. 'आयुर्वेदाचा लेख' एवढं ओळखूनही भागत नाही बरं. भस्मं करणाऱ्या रसशास्त्रात सोनं, चांदी, तांबं, लोखंड, कथील, शिसं आणि जस्त हेही धातूच! त्या वाक्यात शरीराविषयी चाललंय की भट्टीविषयी, ते दरवेळी बघ.

व्याकरणातला धातू तुला शाळेपासून ठाऊक आहे, 'बसतो'मधला 'बस'. पाणिनीय धातुपाठात असे सुमारे २००० आहेत. त्यातल्या 'धा'चा अर्थ दिलाय धारण आणि पोषण, आणि आपला शब्द त्याच 'धा'पासून आला.

मला मात्र हा शब्द खरा भेटला नालासोपाऱ्याच्या स्तूपापाशी. १८८२ साली पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींनी तिथे खोदकाम केलं, तेव्हा दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक निघाले. तांब्याचा, चांदीचा, दगडाचा, स्फटिकाचा, आणि सगळ्यात आत सोन्याचा. त्या सोन्याच्या करंडकात काय होतं? मातीच्या भांड्याचे तुकडे, बुद्धांच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले. बौद्ध परंपरेत पूज्य अवशेषांनाही धातू म्हणतात, म्हणून स्तूप हा धातुगर्भ. तांबं, चांदी, सोनं नुसतं वेष्टन झालं आणि तिथला धातू ठरली ती खापरं. आज इतकी वर्षं झाली, तरी ते आठवलं की अंगावर काटा येतो.

तुझ्या भाषांतरात 'अस्थिधातू' पुढे दोनदा आलाय, तिथेही 'मेटल'च झालंय. शंका आली की अंदाज बांधू नकोस, सरळ वैद्यांना फोन कर. त्यांना त्याचा राग येणार नाही, आनंदच होईल.

दुरुस्त पानं शुक्रवारपर्यंत पाठव. रविवारी मोकळीक असेल तर सकाळची विरार लोकल धरू, स्तूप दाखवते तुला.

तुझी,
ताई